एका वर्षातल्या दोन पळापळी

सतरा सप्टेंबरला सकाळी देवणीत झेंडा चढतो. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. शाळेची पोरं धुतलेले गणवेश घालून रांगेत उभी राहतात, भाषणं होतात. भाषणात निजाम येतो, कासीम रझवी येतो, स्वामी रामानंद तीर्थ येतात, सरदार पटेल येतात आणि १७ सप्टेंबर १९४८ या तारखेला भाषण संपतं. जुन्या माणसांच्या बोलण्यात मात्र त्या वर्षाचे दोन तुकडे असतात. एकाला ते 'रझाकारी' म्हणतात, दुसऱ्याला नुसतं 'ॲक्शन'. रझाकारीत कोणकोण गाव सोडून पळालं, हे मोठ्या आवाजात सांगितलं जातं. ॲक्शननंतर कोण गेलं, असं विचारलं की आवाज खाली येतो.

या दोन्ही पळापळी एकाच वर्षातल्या, एकाच मुलखातल्या. त्या नीट समजून घ्यायला मला एका लांबच्या देशाचा उपयोग झाला. आफ्रिका खंडाच्या बरोबर मध्यावर असलेल्या त्या देशाचं नावच मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आहे. तिथं २०१३ आणि २०१४ या दोन सालांत जे घडलं, ते वाचताना बीदर, उदगीर, लातूरच्या माणसाला आपलीच जुनी गोष्ट कुणी परक्या नावांनी सांगतंय असं वाटत राहतं.

जाणं आणि उठणं

आधी शब्दांचा हिशेब करू. गाव सोडून जाणं आपल्याकडं नवं नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीचा कोयता कारखान्यावर जातो. जाताना मुकादमाकडून उचल घेतो आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत येतो. पोरं पुण्याला, हैदराबादला कामाला जातात आणि सणाला येतात. याला स्थलांतर म्हणायचं. त्यात नाइलाज असतो, अनेकदा भूकही असते. पण परतीचा महिना ठाऊक असतो आणि मागं घराला कुलूप असतं.

विस्थापनात कुलूप लावायला वेळ मिळत नाही. चुलीवरची भाकरी चुलीवर राहते. आपल्या बोलीत यासाठी 'गाव उठलं' असा शब्दप्रयोग आहे. एक माणूस जातो, पण गाव उठतं. जगाच्या कायद्यात या उठलेल्या माणसांचे दोन वर्ग आहेत. देशाची हद्द ओलांडून पलीकडं गेलेला तो निर्वासित. त्याच्यासाठी १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. घरातून उठला, पण देशातच राहिला, तो देशांतर्गत विस्थापित. त्याच्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी मार्गदर्शक तत्त्वं मांडली ती १९९८ साली. ही तत्त्वं बंधनकारक नाहीत. बंधनकारक असा खंडव्यापी करार पहिल्यांदा केला तो आफ्रिकेनं, २००९ साली युगांडाच्या कंपाला शहरात. २०१२ च्या डिसेंबरात तो लागू झाला.

१९४८ साली यातलं काहीच नव्हतं. त्या वर्षी देवणीहून पळून सोलापूर जिल्ह्यात पोचलेल्या माणसाला काय म्हणायचं? हद्द तर त्यानं ओलांडली होती. ती हद्द किती खरी होती, हे आजच्या पिढीला सांगावं लागतं.

मोगलाई आणि कलदार

देवणी आज लातूर जिल्ह्यातला तालुका आहे. तालुका झाला १९९९ मध्ये. लातूर जिल्हा झाला १९८२ मध्ये. १९४८ साली हे गाव हैदराबाद संस्थानच्या बीदर जिल्ह्यात, उदगीर तालुक्यात होतं. निलंगा आणि अहमदपूरही बीदरमध्येच होते. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. या पट्ट्यात मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू एकाच बाजारात चालत. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा उदगीर इकडं आलं, भालकी आणि औराद तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. माणसांची सोयरीक आणि जनावरांची जात मात्र रेषेच्या दोन्ही बाजूंना राहिली. देवणी गाय लातूरची तितकीच बीदरची.

संस्थानाला लोक 'मोगलाई' म्हणत, पलीकडच्या ब्रिटिश मुलखाला 'इंग्रजी'. दोन्हींच्या मध्ये करोडगिरीचे नाके होते, म्हणजे जकातीचे. मोगलाईत निजामाचा हाली रुपया चाले, पलीकडं कलदार. सात हालीला सहा कलदार असा भाव. भारत स्वतंत्र झाल्यावर संस्थान सरकारनं भारतीय चलनाच्या व्यवहारावर आणि सोनं-चांदी बाहेर नेण्यावर बंदी घातली. त्यामुळं पळणाऱ्या घरापुढं जिवाची काळजी होतीच, वर कमरेला बांधलेल्या पैशाची काळजी होती. नाक्यावर तो पकडला जाण्याची भीती, आणि सुटला तर पलीकडं बदलून घेण्याची विवंचना.

जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढून सांगितलं की इंग्रज गेल्यावर हैदराबाद कुणातच सामील होणार नाही. त्यावर स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसनं ७ ऑगस्ट १९४७ पासून सत्याग्रह सुरू केला. २९ नोव्हेंबरला भारत सरकार आणि निजाम यांच्यात एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. कागदावर सगळं जैसे थे राहिलं आणि गावांत काहीच तसं राहिलं नाही.

पहिली पळापळ

रझाकार म्हणजे स्वयंसेवक. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाची ही संघटना. १९४६ पासून पक्षाची सूत्रं कासीम रझवीच्या हाती गेली. हा मूळचा लातुरात वकिली करणारा माणूस. त्याच्या काळात स्वयंसेवकांच्या हाती बंदुका आल्या आणि पोलिसांचा त्यांना आडोसा मिळाला. सत्याग्रही लपलेत या संशयावरून वाड्या लुटणं, धान्य नेणं, घरं पेटवणं, बायकांची अब्रू घेणं असे प्रकार सुरू झाले. बीदर जिल्ह्यातल्या गोर्टा गावात मे १९४८ मध्ये मोठं हत्याकांड झालं. त्याचं स्मारक आता तिथं उभं आहे. उदगीरजवळचं हत्तीबेट हे सशस्त्र प्रतिकाराचं ठाणं बनलं. संस्थानच्या कडेनं, भारताच्या हद्दीत, स्टेट काँग्रेसच्या छावण्या उभ्या राहिल्या. बार्शी, सोलापूर, उमरखेड, मनमाड, गदग अशी ती माळ होती. छावण्यांतले तरुण हद्दीत घुसून नाके उडवत, ठाण्यांवर चालून जात. त्याचा सूड मग जवळच्या गावावर निघे. गाव दोन्हीकडून भरडलं जाई.

माणसं कशी पळतात, याचा एक ठरलेला क्रम असतो. पहिल्यांदा माणूस रानात जातो. ज्वारी पुरुषभर वाढलेली असेल तर तीच आडोसा. मग नातेवाइकांचं मोठं गाव. तिथंही धग पोचली तर हद्द. लातूरहून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी बार्शी-कुर्डुवाडीकडं जायची. पण गाडीवर पाळत असायची, म्हणून बैलगाडी आणि पाय. आधी पुढारी आणि त्यांची घरं हलली, मग वकील, व्यापारी, सावकार. ज्यांच्याकडं हलवण्यासारखं काही नव्हतं, ते सगळ्यात शेवटी हलले, किंवा हललेच नाहीत. भूमिहीनाला पलीकडं कोण विचारणार होतं? पळून जाण्यासाठीसुद्धा गाठीला काहीतरी लागतं, ही गोष्ट विस्थापनाच्या चर्चेत फार क्वचित सांगितली जाते.

याच काळात उलट दिशेनंही माणसं येत होती. फाळणीच्या आगीत मध्य प्रांत, वऱ्हाड आणि मुंबई इलाख्यातून घाबरलेली मुस्लिम कुटुंबं निजामाच्या राज्यात आसऱ्याला येत होती. त्यांच्या तोंडच्या कहाण्यांनी इथल्या मुसलमानांची भीती वाढली आणि रझवीच्या भाषणांना ऐकणारे मिळाले. तरी सगळे मुसलमान त्याच्या मागं नव्हते. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीन व्हा असं लिहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबाद शहरात त्यांचा खून झाला.

दुसरी पळापळ

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरकडून आत शिरलं. त्याच दिवशी नळदुर्ग पडलं. उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद या वाटेनं सैन्य हैदराबादकडं गेलं. हैदराबादच्या तक्रारीवर १६ तारखेला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत चर्चा झाली, आणि १७ ला निजामानं शरणागती जाहीर केली. १८ ला मेजर जनरल एल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधुरींपुढं शस्त्रं ठेवली. कारवाई लष्करी होती, पण सरकारी नाव 'पोलीस ॲक्शन' असं ठेवलं गेलं आणि लोकांच्या तोंडी तेच बसलं.

हद्दीपलीकडचे निर्वासित एका रात्रीत निर्वासित राहिले नाहीत. त्यांनी ओलांडलेली हद्दच मिटली. ते गाडी जुंपून परत निघाले. आणि ते परत येत होते त्याच आठवड्यांत दुसरी माणसं उठू लागली.

सैन्य मोठ्या सडकेनं पुढं गेलं होतं. मागं गावांत ना निजामाचा अंमल उरला होता, ना नव्या सरकारचा बसला होता. या मधल्या पोकळीत वर्षभराचा राग बाहेर पडला आणि ज्यांचा रझाकारीशी संबंध होता त्यांच्याबरोबर ज्यांचा काडीचा संबंध नव्हता तेही त्यात सापडले. रझाकारांच्या बंदुका ज्यांनी वाहिल्या ते बरेचसे पळून गेले होते किंवा पकडले गेले होते. गावात उरला होता पिंजारी, अत्तार, बागवान, मुलाणी, मोमीन. वाळल्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात; इथं वाळलेलं पळालं आणि ओलं जळलं.

बातम्या दिल्लीला पोचल्या तेव्हा पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री या तिघांची समिती नेमली गेली. १९४८ च्या नोव्हेंबरअखेरीपासून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत समिती संस्थानात फिरली. सोळांपैकी नऊ जिल्हे तिनं पाहिले आणि न पाहिलेल्या शंभरावर गावांतल्या पाचशेहून जास्त माणसांना भेटून विचारपूस केली. तिच्या अंदाजानं, पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर, कमीत कमी धरलं तरी २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे तिनं नावानिशी सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. या चारांतच अठरा हजारांच्या वर माणसं गेल्याचा तिचा अंदाज होता. म्हणजे आपला मुलूख बरोबर त्या वर्तुळाच्या मधोमध येतो.

लातूरबद्दल समितीनं वेगळं लिहिलं. कच्छी मुस्लिम व्यापाऱ्यांची ही मोठी पेठ. सुमारे दहा हजार मुस्लिम वस्तीपैकी समितीला तिथं जेमतेम तीन हजार माणसं दिसली. हजारावर मारली गेली होती, बाकीची निघून गेली होती. लातूर हे रझवीचं गाव. त्यानं पेटवलेल्या आगीची किंमत त्याच्या शेजाऱ्यांनी मोजली. तो स्वतः १९५७ पर्यंत तुरुंगात राहिला, सुटल्यावर पाकिस्तानात गेला आणि तिथंच वारला.

हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुस्लिम शेजाऱ्यांना लपवलं, वाचवलं, पळवून नेलेल्या बायका परत आणल्या, याच्याही नोंदी समितीनं केल्या आहेत. आधीच्या काळात रझाकारांनी काय केलं होतं हेही तिनं झाकलेलं नाही. तरीही हा अहवाल सरकारनं प्रसिद्ध केला नाही. अनेक दशकांनी तो दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात अभ्यासकांना पाहायला मिळू लागला. तोवर घटना पाहिलेली बहुतेक माणसं गेली होती.

बांगीतलं २०१३

आता त्या लांबच्या देशाकडं वळू. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक हा क्षेत्रफळानं महाराष्ट्राच्या साधारण दुप्पट आहे. २०१३ साली तिथं पन्नास लाखांच्या आत माणसं राहत होती. आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ९४ लाख होती. देश १९६० साली फ्रान्सच्या अमलातून सुटला. हिरे आहेत, सोनं आहे, इमारती लाकूड आहे, आणि जगातल्या अतिगरीब देशांत त्याची गणती आहे. उबांगी नदीवर बांगी ही राजधानी. बहुसंख्य लोक ख्रिस्ती, मुसलमान दहा ते पंधरा टक्के. निजामाच्या संस्थानातही मुसलमान जवळपास तेवढेच होते.

उत्तरेकडचा, चाड आणि सुदानला लागून असलेला मुलूख वर्षानुवर्षं दुर्लक्षित होता. रस्ता नाही, शाळा नाही, सरकारचा माणूस दिसत नाही. तिथल्या बंडखोर टोळ्या एकत्र आल्या आणि त्यांनी 'सेलेका' हे नाव घेतलं. सांगो भाषेत त्याचा अर्थ युती. स्वयंसेवक काय, युती काय, नावं किती निरुपद्रवी! २४ मार्च २०१३ ला सेलेकानं बांगी घेतलं. राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा बोझिझे पळाले, मिशेल जोतोदिया गादीवर बसले. सेलेकात बहुतेक मुसलमान होते आणि परदेशातून आलेले भाडोत्रीही होते. त्यांनी गावं लुटली, जाळली. ख्रिस्ती शेतकरी झुडपी रानात पळाले आणि महिनोन्महिने तिथं राहिले. ही त्यांची पहिली पळापळ.

मग सेलेकाविरुद्ध गावोगावी 'अँटी-बालाका' नावाची पथकं उभी राहिली. ५ डिसेंबर २०१३ ला त्यांनी बांगीवर हल्ला केला. जानेवारी २०१४ मध्ये जोतोदिया पायउतार झाले, सेलेकाचे लढवय्ये उत्तरेकडं परतले, आणि मागं उरलेल्या सामान्य मुसलमानांवर सूड उगवला गेला. बंदूकवाले निघून गेले; दुकानदार, खाटीक, गुराखी मागं राहिले. ही त्यांची दुसरी पळापळ. बांगीत लाखावर मुसलमान राहत होते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी कामाच्या प्रमुख व्हॅलेरी अमोस यांनी मार्च २०१४ मध्ये सांगितलं की त्यातले हजारभरसुद्धा उरले नाहीत. वर्षभरानं, सुरक्षा परिषदेनं त्या देशाला भेट दिल्यावर, अमेरिकेच्या संयुक्त राष्ट्रांतल्या राजदूत समांथा पॉवर म्हणाल्या की देशातल्या ४३६ मशिदींपैकी ४१७ नष्ट झाल्या आहेत.

बोसांगोआ नावाच्या गावाचं चित्र डोळ्यांपुढं आणावं. २०१३ च्या शेवटी तिथल्या चर्चच्या आवारात सुमारे पस्तीस हजार ख्रिस्ती दाटीवाटीनं राहत होते, आणि त्याच गावातल्या एका शाळेत हजारो मुसलमान. दोन्ही जमाव एकमेकांच्या भीतीनं जमलेले. घरं त्याच गावात, पायी जाण्याच्या अंतरावर, आणि रिकामी. बांगीच्या म्पोको विमानतळावर तर लाखभर माणसं धावपट्टीच्या कडेला, मोडक्या विमानांच्या पंखांखाली राहिली. तिथं फ्रेंच सैनिक होते म्हणून. तो तळ पुरता मोडला तो २०१७ च्या सुरुवातीला.

दावणीचा हिशेब

ही पळापळ समजून घ्यायची तर देवणीच्या माणसानं गुरांकडं पाहावं. आपल्या जनावराचे तीन प्रकार इथलं पोरगंही सांगेल: तोंडाच्या बाजू काळ्या असलेलं वानेरा, जवळपास पांढरंशुभ्र बालंक्या, काळ्या ठिपक्यांचं शेवेरा. गाय दुधाला, बैल कामाला. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात आणि माळेगावच्या यात्रेत चांगल्या देवणी बैलाभोवती गर्दी होते. शेतकऱ्याची ही चालतीबोलती ठेव आहे. अडचणीला विकता येते, आणि पळायची वेळ आली तर गाडीला जुंपता येते.

मध्य आफ्रिकेत फुलानी समाजातले म्बोरोरो गुराखी अशाच ठेवीवर जगतात. पावसाळा-उन्हाळ्याच्या चालीनं ते कळप घेऊन फिरतात. शेतकऱ्यांशी त्यांचं भांडण होई, उभ्या पिकात जनावर शिरलं की होतं तसं. पण सुगीनंतर मोकळ्या रानात कळप बसवणं, शेणखत, दूध, मांस यांचा देवघेवीचा व्यवहारही होता. ते मुसलमान, म्हणून २०१४ मध्ये त्यांच्यावरही संकट आलं. हजारो कुटुंबं कॅमेरूनच्या दिशेनं रानावनातून निघाली. काहींना हद्दीपर्यंत पोचायला आठवडे लागले, काहींना महिने. वाटेत जनावरं लुटली गेली, मारली गेली, पळाली. गुराखी हद्दीवर पोचला तेव्हा त्याच्यापाशी गुरं नव्हती. लेकरं इतकी खंगली होती की छावणीत पहिलं काम त्यांना जगवण्याचं होतं.

इकडं बांगीत दुसरी टंचाई सुरू झाली. गुरांचा व्यापार आणि किराण्याची घाऊक पेठ बऱ्याच अंशी मुसलमान व्यापाऱ्यांच्या हाती होती. ते गेले आणि बाजारातलं मांस, तेल, साखर आटली, भाव चढले. ज्यांनी हाकललं त्यांच्याही ताटातलं कमी झालं. शेजारी उठतो तेव्हा गावाच्या कामांची एक साखळी तुटते. पिंजारी गेला की गाद्या कोण भरणार, विणकर गेला की लुगडं कुठून येणार, हा प्रश्न १९४८ नंतर आपल्याकडच्या गावांनाही पडला असणार. भाषणात मात्र तो कधी आला नाही.

परतायचं ते कशाकडं

विस्थापन किती मोठं, हे मोजताना सगळे पळालेल्यांचे आकडे देतात. खरी गोष्ट परतीच्या वाटेवर कळते. परतायला तीन गोष्टी लागतात: घर किंवा जमीन जागेवर असणं, गावात कायद्याचा माणूस असणं आणि शेजाऱ्यानं तोंड न फिरवणं.

मराठवाड्यात पहिल्या पळापळीतल्या बहुतेकांना तिन्ही मिळाल्या. नवं सरकार त्यांचं होतं, जमीन त्यांच्या नावावर होती. दुसऱ्या पळापळीतल्यांचं तसं नव्हतं. काही महिन्यांनी अनेक जण परतले, कारण लष्करी प्रशासनानं तोवर अंमल बसवला होता. काही हैदराबाद शहरात राहिले. उदगीर, बीदर, विकाराबाद या रुळांनी ते शहर जवळच होतं. बाहेरून आलेल्या निर्वासितांना सरकारनं परत त्यांच्या प्रांतात धाडलं. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला, १९५२ मध्ये निवडणुका झाल्या. राज्य उभं राहिलं म्हणून हिंसा महिन्यांत संपली, ही मराठवाड्याची जमेची बाजू. मनातली फाळणी मात्र त्या कायद्यांच्या कक्षेत नव्हती.

मध्य आफ्रिकेत राज्यच उभं राहिलं नाही. सप्टेंबर २०१४ पासून संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना तिथं आहे. २०१६ मध्ये निवडून आलेलं सरकार आलं, २०१९ च्या फेब्रुवारीत चौदा सशस्त्र गटांशी करार झाला, आणि २०२० च्या डिसेंबरात काही गटांनी पुन्हा शस्त्रं उचलली. राजधानीबाहेर खाणी, गुरांच्या वाटा आणि रस्ते ज्याच्या बंदुकीखाली, त्याची वसुली. त्यामुळं दहा वर्षं उलटूनही त्या देशातला साधारण दर पाचवा माणूस घराबाहेर राहिला. निम्म्याहून अधिक परक्या देशांत. जे देशात होते ते बहुतेक छावणीत नव्हते, नातेवाइकांच्या पडवीत होते. जे परत गेले त्यांच्यातल्या कित्येकांना घराच्या जागी नुसत्या भिंती मिळाल्या. पत्रे, दारं, चौकटी गेलेल्या.

त्यातही एक गोष्ट त्या देशानं केली, जी आपल्याला जमली नाही. बांगीचे आर्चबिशप दियुदोने न्झापालाइंगा, इमाम ओमर कोबिन लायामा आणि पाद्री निकोलस गेरेकोयामे-ग्बांगू हे तिघं गावोगाव एकत्र फिरले. डिसेंबर २०१३ मध्ये इमामांचा जीव धोक्यात होता, तेव्हा आर्चबिशपनी त्यांना आपल्या घरात ठेवून घेतलं. दोन्ही पळापळींबद्दल ते तिघं एकाच व्यासपीठावरून, एकाच आवाजात बोलत. आर्चबिशप अँटी-बालाकाच्या हिंसेचा निषेध करत. इमाम सेलेकाच्या हिंसेचा. नोव्हेंबर २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस बांगीत आले, तेव्हा पीके-५ या शेवटच्या मुस्लिम वस्तीतल्या मशिदीतही गेले. यानं युद्ध थांबलं नाही. पण नोंद झाली, मोठ्यानं झाली.

किल्लारीची यादी आणि १९४८ ची

आपल्या लातूर जिल्ह्याला विस्थापनाची आणखी एक ओळख आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली आणि लातूर-उस्मानाबादमधली बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. त्या प्रत्येक गावाची यादी आहे. कुणाचं घर पडलं, कुणाला किती खोल्यांचं मिळालं, प्लॉटचा नंबर काय, सगळं तालुक्याच्या कचेरीत सापडतं. तक्रारी झाल्या, अर्ज झाले, भांडणं झाली. तीही कागदावर आहेत. जमीन हलली तेव्हा कुणाचं नाव घ्यायला कुणी लाजलं नाही.

१९४८ च्या विस्थापनाची यादी कुठंही नाही. रझाकारीत देवणीतून, तिच्या आजूबाजूच्या वाड्यांतून किती घरं सोलापूर-बार्शीकडं गेली, याचा कागद नाही. ॲक्शननंतर किती घरं गेली, त्यातली किती परत आली, कुणाच्या पडक्या भिंतीवर आज कुणाचं जोतं आहे, याचाही नाही. माणसानं माणसाला उठवलं की यादी करणारा हात थबकतो, कारण यादीत दोन्हीकडची नावं येतात.

यादी न केल्याची किंमत असते. अर्धीच गोष्ट सांगत गेलो की ती गोष्ट अभिमानाची होते किंवा गाऱ्हाण्याची. ती इतिहास होत नाही. रझाकारीचे अत्याचार खरे होते, त्यांच्याविरुद्ध लढलेल्यांचा मान रास्त आहे. ॲक्शननंतर निरपराधांवर जे झालं तेही खरं आहे. एकानं दुसरं फिटत नाही.

१९४८ साली दहा वर्षांचं असलेलं पोर आता पंच्याऐंशीच्या पुढं गेलं आहे. अशी माणसं प्रत्येक गावात दोन-चार उरली असतील, दर वर्षी कमी होत जातील. पुढच्या सतरा सप्टेंबरला झेंडावंदन झालं की शाळेतल्या मुलांना त्यांच्याकडं पाठवावं. मास्तरांनी दोनच प्रश्न लिहून द्यावेत: रझाकारीत आपल्या गावातून कोण उठलं? ॲक्शननंतर कोण उठलं? उत्तरं एकाच वहीत, एकाखाली एक लिहावीत, आणि ती वही शाळेच्या कपाटात ठेवावी.